सिव्हिल सोडून समाजशास्त्र घेऊ का?

वाचकाचं पत्र, थोडक्यात (नाव, गाव, कॉलेज मुद्दाम देत नाहीये):

पत्र लिहिणारी मुलगी पुण्यात सिव्हिल इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. गाव लातूर जिल्ह्यातलं, १९९३ च्या भूकंपानंतर नव्या जागी वसवलेल्या गावांपैकी एक. वडील शेती करतात, शिक्षणासाठी बँकेचं कर्ज काढलंय. मागच्या सेमला ओपन इलेक्टिव्ह (ब्रँचबाहेरचा ऐच्छिक विषय) म्हणून समाजशास्त्र मिळालं, ते पण बाकीच्या सीट भरल्या म्हणून. त्यात तिनं स्वतःच्या गावाच्या पुनर्वसनावर असाइनमेंट लिहिली आणि सरांनी ती वर्गात वाचून दाखवली. तेव्हापासून सिव्हिलच्या लेक्चरला मन लागत नाही, सगळं सोडून बीए करावं असं वाटतंय. घरी विषय काढला तर वडिलांनी दोन दिवस अबोला धरला. मामा आयटीत आहेत, ते म्हणतात मायनर (मुख्य ब्रँचसोबत घ्यायचा दुय्यम विषय) घ्यायचंच तर एआयचं घे, बाकी टाइमपास आहे. मैत्रिणी म्हणतात दोन्ही कर. आणि तिला स्वतःला भीती अशी की दोन्ही धरायला गेलं तर एक ना धड भाराभर चिंध्या. मायनरचा फॉर्म महिनाअखेर भरायचाय. "मी चुकीच्या ठिकाणी आलेय का?" असं तिनं विचारलंय.

उत्तर:

अगं, त्या शेवटच्या प्रश्नापासूनच सुरुवात करू, कारण बाकीचे सगळे प्रश्न त्याच्यातूनच निघालेत.

तू म्हणतेस एका असाइनमेंटनं तुझं सगळं उलटंपालटं झालं. पण ती असाइनमेंट होती कशावर? घरांवर, गावाच्या आखणीवर, रस्ते कुठून गेले, कोणाला किती जागा मिळाली, भिंती कशाच्या बांधल्या यावर. हे सगळं सिव्हिलच आहे की. म्हणजे जी गोष्ट तुला इतकी भिडली ती तुझ्या ब्रँचच्या बाहेर नव्हतीच, फक्त तुझ्या ब्रँचच्या वर्गात कोणी ती तुला त्या बाजूनं दाखवली नव्हती. म्हणून मला वाटतं तू सिव्हिलला कंटाळलेली नाहीयेस, सिव्हिल ज्या पद्धतीनं शिकवलं जातंय त्याला कंटाळलीयेस, आणि या दोन गोष्टींवरचे उपाय अगदी वेगळे आहेत. पहिलं खरं असेल तर सोडणं बरोबर. दुसरं खरं असेल तर सोडून तू नेमकी ती गोष्ट हातातून घालवशील जिच्यामुळे तुझी असाइनमेंट चांगली झाली.

तुझ्याच गावाकडचं उदाहरण घेते. तुला हे माहीतच आहे पण बाकीचे वाचणारे आहेत म्हणून जरा सविस्तर. ३० सप्टेंबर १९९३, पहाटेचे चार वाजायला आलेले, अनंत चतुर्दशीचं विसर्जन करून लोक झोपलेले. मातीत रचलेल्या जाडजूड दगडी भिंती आणि वर माळवद, दरवर्षी थरावर थर चढवून जड झालेलं. साडेसात हजारांच्या वर माणसं गेली. सरकारनं जागतिक बँकेचं कर्ज घेतलं आणि ५२ गावं पूर्णपणे नव्या जागी बांधायचं ठरवलं. आता नवीन घर कोणाला किती मोठं? तर भूमिहीन आणि अगदी लहान शेतकरी असेल तर २५० चौरस फूट, मधल्या शेतकऱ्याला ४००, आणि सात हेक्टरच्या वर जमीन असेल तर ७५०. म्हणजे भूकंपानं सगळ्यांची घरं सारखीच पाडली पण नवीन घराचं माप सात-बारा बघून ठरलं.

मला सांग, हे २५०, ४००, ७५० कुठल्या आयएस कोडमधे, म्हणजे बांधकामाच्या भारतीय मानकांत, आहेत? भूकंपात टिकेल अशी भिंत कशी बांधायची ते आयएस ४३२६ मधे आहे, भूकंपाचा भार किती धरायचा ते आयएस १८९३ मधे आहे. पण कोणाला किती घर, हा आकडा इंजिनिअरच्या टेबलावर बाहेरून आला आणि त्यानं तो 'दिलेला आहे' म्हणून ड्रॉइंगमधे टाकला. तसंच आखणीचं. जुन्या गावात बोळ अरुंद, घराला घर लागून, ओट्यावरून हाक मारली की पलीकडे ऐकू जायचं. नवीन गावं चौकटीच्या वहीसारखी आखली, रुंद रस्ते, घरं लांब लांब, शहरात शोभतील अशी. धान्याचं बळद कुठे, गोठा कुठे, लग्न झालेल्या मुलाची खोली कुठे याचं उत्तर नकाशात नव्हतं, मग लोकांनी पुढे आपापलं वाढवलं, पत्र्याचे शेड टाकले, भिंती घातल्या, आणि त्या वाढवलेल्या भागात भूकंपाचा विचार कितपत झाला हा परत इंजिनिअरिंगचाच प्रश्न. तू हे रोज बघत मोठी झालीस म्हणून तुला ते लिहिता आलं. आणि ते नुसत्या बीएवालीला दिसलं नसतं असं मी म्हणत नाहीये, पण पत्र्याखालची ती जोडभिंत धोक्याची का आहे हे तिला समजलं नसतं.

याच भूकंपाची दुसरी बाजू पण आहे आणि ती कमी सांगितली जाते. जी गावं हलवायची नव्हती, फक्त दुरुस्त करून मजबूत करायची होती, तिथे तांत्रिक उपाय माहीत होता, भिंतीच्या आरपार जाणारे दगड घालायचे, कोपरे बांधायचे, वरची माती कमी करायची. पण ज्यांनी दगडाखालून माणसं काढली होती ते दगडावर कसे विश्वास ठेवणार, कितीतरी लोक धड घर असूनही पत्र्यात झोपत होते. तेव्हा प्रेमा गोपालन यांच्या स्वयम् शिक्षण प्रयोग या संस्थेनं गावागावातल्या महिला मंडळांच्या बायकांना 'संवाद सहायक' म्हणून उभं केलं. त्या बायका ते तंत्र शिकल्या, घरोघरी जाऊन सांगू लागल्या, गवंडी काय करतोय, अनुदानाचा पैसा कुठे जातोय याच्यावर लक्ष ठेवू लागल्या. उपाय इंजिनिअरचाच होता, पण तो भिंतीपर्यंत पोचला त्या बायकांमुळे. सोशल सायन्स म्हणजे इंजिनिअरवर टीका करायचा विषय असं जे काही मुलांना एका सेममधे वाटायला लागतं ना, त्यांच्यासाठी हे मुद्दाम सांगितलं.

आता पाण्याचं बघ. २०१६ ला मिरजेहून रेल्वेनं लातूरला पाणी आलं तेव्हा तू शाळेत असशील. मांजरा धरण कोरडं पडलेलं, बोअर खाली खाली चाललेले आणि तरी जिल्ह्यात ऊस उभा. हे फक्त पाऊस कमी पडला म्हणून झालं का? हायड्रॉलॉजीचा पेपर तुला पाऊस, अपधाव, साठा सगळं काढायला शिकवेल. साठलेलं पाणी कोणी कोणाला द्यायचं हे तो शिकवत नाही. आणि महाराष्ट्रात याच्यावर फार मोठं काम एका इंजिनिअरनंच केलंय. विलासराव साळुंखे, पुण्यात स्वतःचा कारखाना असलेला माणूस. १९७२ च्या दुष्काळात पुरंदर तालुक्यात फिरले, नायगावला देवस्थानची ४० एकर जमीन कराराने घेतली, पाणी अडवून जिरवून दाखवलं. एवढंच केलं असतं तरी चांगलं इंजिनिअरिंग झालं असतं. पण पुढे पाणी पंचायतीचे, म्हणजे गावकऱ्यांनी मिळून पाणी वाटून घ्यायच्या व्यवस्थेचे, जे नियम बसवले ते खरे बघण्यासारखे आहेत. पाणी जमिनीच्या हिशोबानं नाही, घरातल्या माणसांच्या हिशोबानं, माणशी अर्धा एकर, एका कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकर. भूमिहीनाला पण पाण्यात वाटा. जमीन विकली तरी पाण्याचा हक्क तिच्याबरोबर जाणार नाही. ऊस लावायचा नाही. खर्चातला एक भाग लोकांनी स्वतः घालायचा आणि पाटकरी, म्हणजे पाणी सोडणारा माणूस, पण लोकांनीच नेमायचा.

दोन्ही शेजारी ठेवून बघ. एकीकडे घर वाटताना जमीन मोजली, दुसरीकडे पाणी वाटताना माणसं मोजली. दोन्हीकडे इंजिनिअर होते, पंप होते, सिमेंट होतं, गणित बरोबर होतं. फरक पडला तो गणित सुरू व्हायच्या आधी, पहिल्या ओळीत काय लिहिलं तिथे. माझं सगळं म्हणणं एवढ्यावरच उभं आहे बघ. ती पहिली ओळ कुठून येते, कोण लिहितं, ती बदलता येते का, हे कळण्यासाठी इंजिनिअरला समाजशास्त्र, अर्थशास्त्र, इतिहास लागतो. भाषणात दोन चांगली वाक्यं टाकता यावीत म्हणून नाही, आणि पर्सनॅलिटी सुधारावी म्हणून तर अजिबात नाही.

आणि हे काही नवीन फॅड नाही बरं का. अमेरिकेत एमआयटीमधे मानव्यविद्या आणि सामाजिक शास्त्रांचं स्वतंत्र स्कूल १९५० ला सुरू झालं, आज तिथे पदवीच्या प्रत्येक मुलाला या विषयांचे किमान आठ कोर्स करावेच लागतात, मग तो रॉकेट करो नाहीतर चिप. आपल्या आयआयटींमधेही हे डिपार्टमेंट पहिल्यापासून आहे. तुझ्या लॅब मॅन्युअलच्या पहिल्या पानावर एनबीएची (इंजिनिअरिंगच्या कोर्सना मान्यता देणारं मंडळ) प्रोग्राम आउटकम्सची, म्हणजे शिकून काय यायला हवं याची, यादी असते बघ, जी कोणी वाचत नाही. त्यात 'इंजिनिअर आणि समाज' हा मुद्दा कित्येक वर्षं छापून आलाय.

आता सोडण्याबद्दल. पत्रात असं जाणवतं की सोडणं म्हणजे स्वतःशी प्रामाणिक राहणं आणि न सोडणं म्हणजे तडजोड, असं तू मनात धरून बसलीयेस. मला ते पटत नाही. कारण हे दार एकाच बाजूनं उघडतं. बीई करून समाजशास्त्र, अर्थशास्त्र, विकास अभ्यास, सार्वजनिक धोरण यातल्या मास्टर्सला जाता येतं, बऱ्याच ठिकाणी कुठलीही पदवी चालते. पण बीए करून परत सिव्हिलला येता येत नाही, आलीस तर पहिल्या वर्षापासून. दीड वर्ष झालंय, अडीच राहिलंय. तुझा जीव खरंच समाजशास्त्रात असेल तर तो अडीच वर्षांनी पण तिथेच असेल, आणि तेव्हा तुझ्या हातात असं काहीतरी असेल जे त्या वर्गात फार थोड्या जणांकडे असतं. कर्जाचं पण बघ, कोर्स चालू आहे तोवर आणि साधारण नंतर वर्षभर हप्ता थांबलेला असतो, मधेच सोडलंस तर ते सगळं गणित फिरतं, बँकेत जाऊन नीट विचार म्हणजे कळेल.

एक अपवाद सांगून ठेवते. तुला झोप लागत नसेल, रडू येत असेल, सलग पेपर बॅक राहत असतील, कॉलेजला जायच्या विचारानंच पोटात गोळा येत असेल, तर हा विषयांचा प्रश्न नाही आणि त्याला मायनर हे उत्तर नाही. मग आधी कॉलेजच्या काउन्सिलरकडे जा, घरी कोणाला तरी स्पष्ट सांग, एक सेम ब्रेक घेणं पण चालतं. तुझ्या पत्रात असं काही दिसलं नाही म्हणून पुढे जाते.

दुसरं एक गृहीतक जरा हलवून बघायचंय. तुला एक इलेक्टिव्ह आवडलं, त्यातली एक असाइनमेंट फार आवडली. छान. पण ती तू स्वतः जगलेल्या विषयावर होती. समाजशास्त्राची पदवी म्हणजे तीन-चार वर्षं न जगलेल्या विषयांवरचं पण वाचायचं, आठवड्याला शंभर पानं, त्यातली निम्मी रटाळ, एकाच शब्दावर चार विचारवंत चार वेगळं बोलतात आणि परीक्षेत 'सिद्ध करा' असं काही नसतं. इंजिनिअरिंगची आपली सवय, वर्षभर सबमिशन आणि परीक्षेआधीच्या सुट्टीत रात्री जागून सगळं संपवायचं, तिथे उपयोगाची नाही. सर्व्हेत कोणाला निवडायचं, प्रश्न कसा विचारला की उत्तर वाकडं येतं, बाई नवऱ्यासमोर वेगळं बोलते आणि विहिरीवर वेगळं बोलते याचं काय करायचं, हे सगळं शिकावं लागतं आणि ते कष्टाचं आहे. आर्ट्स म्हणजे सोपं, हे तुझे मामा मानतात आणि मला शंका आहे की थोडंसं तू पण मानतेस, म्हणून तुला ते सुटकेसारखं दिसतंय.

बरं, फॉर्मचं. आपल्या राज्यात नव्या शैक्षणिक धोरणानुसार इंजिनिअरिंगचा जो आराखडा आलाय त्यात मल्टिडिसिप्लिनरी मायनरला १४ क्रेडिट आहेत, ओपन इलेक्टिव्हला ८, कम्युनिटी एंगेजमेंट प्रोजेक्टला २, इंटर्नशिपला १२. तुझं कॉलेज ऑटोनॉमस आहे तर नावं, विभागणी थोडी वेगळी असेल, वेबसाइटवरची पीडीएफ उघडून तूच बघ, सीनियर सांगतात त्यावर जाऊ नकोस. सोशल सायन्सचं मायनर असेल तर नावावर पण जाऊ नकोस. आत कोणते पेपर आहेत आणि शिकवणार कोण हे विचार. समाजशास्त्र, अर्थशास्त्र, धोरण, संशोधन पद्धती असे पेपर असतील आणि त्या विषयातला माणूस शिकवणार असेल तर डोळे झाकून घे. पण ह्युमॅनिटीज नावाखाली कम्युनिकेशन स्किल, टाइम मॅनेजमेंट, ग्रुप डिस्कशन असं असेल आणि ज्या सरांचा लोड कमी पडतोय त्यांना तो दिलेला असेल, तर त्यात १४ क्रेडिट घालवू नकोस. हे बऱ्याच ठिकाणी होतंय आणि मला याचा खरंच राग येतो, कारण मुलांचा या विषयांवरचा विश्वास तिथेच संपतो.

तसं असेल तर मामांचं अर्धं ऐक. एआय नको वाटत असेल तर डेटा, जीआयएस, किंवा सरळ अर्थशास्त्राचं मायनर मिळतंय का बघ. नकाशावर विहिरी, घरं, जमिनीची मालकी एकावर एक टाकता येणं ही गोष्ट तुला ज्या कामात रस आहे त्यात रोज लागते. आणि समाजशास्त्र ओपन इलेक्टिव्हच्या आठ क्रेडिटमधून घे. स्वयम्, एनपीटीईएल या सरकारी ऑनलाइन कोर्सच्या साइटवर आयआयटीच्या ह्युमॅनिटीजच्या प्राध्यापकांचे कोर्स फुकट बघता येतात, फक्त परीक्षेला फी असते, आणि कॉलेजनं मान्य केले तर त्याचे क्रेडिट पण मिळतात. ते आधी लेखी विचारून घे, नाहीतर कोर्स होतो आणि क्रेडिट लटकतं.

मैत्रिणी म्हणतात ते दोन्ही करणं, म्हणजे दोन डिग्र्या, तेही आता चालतं. २०२२ पासून यूजीसीनं एका वेळी दोन पदव्यांना परवानगी दिलीये, एक कॉलेजला जाऊन आणि दुसरी दूरशिक्षणानं. इग्नू आहे, आपलं नाशिकचं यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ आहे जिथे मराठीतून बीए करता येतं. पण मी तुला ते आत्ता सुचवणार नाही. एमएला जायला बीई पुरते तर बीए कशासाठी? सर्टिफिकेट दोन होतील पण दोन्हीकडे असाइनमेंट उरकत बसशील. ज्यांना अभ्यास स्वतःसाठी, निवांत, मराठीतून करायचाय, नोकरीला लागल्यावर वगैरे, त्यांच्यासाठी तो रस्ता फार चांगला आहे.

आता ते चिंध्यांचं. खरं सांगू का, १४ क्रेडिटनं कोणी समाजशास्त्रज्ञ होत नाही. ती भीती बरोबर आहे आणि ती असू दे. मायनरनं एवढंच होईल की आपल्याला काय दिसत नाहीये याचा अंदाज येईल आणि कोणाला विचारायला जायचं ते कळेल. चिंध्या तेव्हा होतात जेव्हा माणूस सिव्हिलच्या लोकांत समाजशास्त्र बोलतो आणि समाजशास्त्राच्या लोकांत सिव्हिल, आणि दोन्हीकडे खोल कोणी विचारलं की गप्प. म्हणून एक पाय घट्ट पाहिजे आणि तुझ्या बाबतीत तो सिव्हिलचा असू दे. स्ट्रक्चर्स, सॉइल, हायड्रॉलॉजी हे मनापासून कर, सीजीपीए पडू देऊ नकोस. ज्या दिवशी तू एखाद्या कलेक्टर ऑफिसमधे म्हणशील की ही पाणीयोजना एप्रिलमधे बंद पडणार आणि वाडीवरच्या लोकांना पाणी मिळणार नाही, त्या दिवशी समोरचा तुला आधी पंपाचं हेड, म्हणजे पाणी किती उंच चढवायचंय ते, विचारणार आहे.

आणि फॉर्म भरायच्या आधी किंवा नंतर, पण या सुट्टीत, एक काम करून बघ. तुझ्या गावातली आठ-दहा घरं घे, तिन्ही मापांची. मूळ घर काय मिळालं होतं आणि आज काय आहे याचे प्लॅन काढ, टेप घेऊन, नीट स्केलवर. वाढवलेली प्रत्येक भिंत दाखव. मग विचार ही का घातली, कधी घातली, पैसे कुठून आणले, कोणी ठरवलं. बायकांना वेगळं विचार, म्हाताऱ्यांना वेगळं. कोणी भूकंपाचं बोलायला नको म्हणालं तर वही बंद कर, तिथे हट्ट करायचा नाही, त्या घरात कोण गेलंय तुला माहीत असतं. नावं टाकू नकोस. आणि जे निघेल ते त्यांना परत दाखव, विशेषतः कुठली भिंत धोक्याची आहे ते, एवढं देणं तू त्यांचं लागतेसच. कम्युनिटी एंगेजमेंटचे क्रेडिट यातच होतील, गाइड म्हणून सिव्हिलच्या मॅडम आणि ते समाजशास्त्राचे सर दोघांना घे. महिनाभर हे केल्यावर तुला स्वतःलाच कळेल की जास्त मजा कशात आली, मोजण्यात, विचारण्यात की लिहिण्यात. तुझ्या प्रश्नाचं उत्तर माझ्यापेक्षा त्या महिन्यात जास्त आहे.

पुढचे रस्ते थोडक्यात, म्हणजे वडिलांना सांगायला पण होईल. आयआयटी मुंबईत सितारा नावाचं केंद्र आहे, ग्रामीण भागासाठी पर्यायी तंत्रज्ञान असा त्याचा विषय, १९८५ पासूनचं. तिथे टेक्नॉलॉजी अँड डेव्हलपमेंटमधे एमटेक आहे, गेट ही मास्टर्सची प्रवेश परीक्षा देऊन इंजिनिअर जातात आणि गावात राहून पाणी, ऊर्जा, शेती याच्यावर काम करतात. उन्नत महाराष्ट्र अभियान २०१६ ला सुरू झालं त्यामागे पण ही मंडळी होती, जिल्ह्यातल्या इंजिनिअरिंग कॉलेजांनी आपल्याच जिल्ह्याचे प्रश्न अभ्यासायचे अशी कल्पना, तुझं कॉलेज त्यात आहे का विचार. आयआयटी मुंबईतच सार्वजनिक धोरणाचा मास्टर्स आहे. टीआयएसएस, म्हणजे टाटा सामाजिक विज्ञान संस्था आहे, बंगळुरूचं अझीम प्रेमजी विद्यापीठ आहे, गणित आवडत असेल तर अर्थशास्त्रासाठी गोरेगावची इंदिरा गांधी विकास संशोधन संस्था आहे, इंजिनिअर घेतात. आणि गेटमधे २०२१ पासून ह्युमॅनिटीज आणि सोशल सायन्सेसचा स्वतंत्र पेपर पण आहे, त्यात समाजशास्त्र निवडता येतं, हे कितीतरी मुलांच्या गावीही नसतं. राहता राहिलं यूपीएससी, एमपीएससी. समाजशास्त्र म्हटलं की आपल्याकडे लगेच तेच डोळ्यासमोर येतं. द्यायची असेल तर दे, पण विषय आवडला म्हणजे परीक्षा आवडली असं नसतं, ते दोन वेगवेगळे ठरव.

बाकीच्या ब्रँचची मुलं वाचत असतील तर तुमच्यासाठीही बोलते, हे फक्त सिव्हिलचं नाहीये. इलेक्ट्रिकल, केमिकलवाल्यांनी पुण्याच्या प्रयास ऊर्जा गटाचं काम बघा. गिरीश संत आयआयटी मुंबईत शिकलेले इंजिनिअर, ते आणि त्यांचे सहकारी एन्रॉनचा दाभोळचा वीज करार घेऊन बसले आणि त्यातलं दराचं गणित सामान्य माणसाच्या बाजूनं उलगडून दाखवलं, ९० च्या दशकात, जेव्हा बाकी सगळे एकतर विकास विकास करत होते नाहीतर नुसत्या घोषणा देत होते. कॉम्प्युटरवाल्यांनी ई-पीक पाहणी घ्या, २०२१ ला आलेलं ॲप, शेतकऱ्यानं स्वतः फोनवरून पिकाची नोंद करायची. तलाठ्याच्या मागे फिरायला नको, कल्पना चांगलीच आहे. पण फोन घरात कोणाकडे असतो, रेंज कुठे येते, शेत जी बाई कसते तिचं नाव सात-बाऱ्यावर आहे का? लॉगिनची स्क्रीन डिझाइन करताना हे प्रश्न आले नाहीत तर मग ते थेट विम्याच्या आणि भरपाईच्या वेळी येतात, आणि तेव्हा भोगायचं त्या बाईला लागतं. तुमच्या कॉलेजला सोशल सायन्सचं मायनरच नसेल तर दहा-पंधरा जणांनी मिळून लेखी मागा, शेजारच्या आर्ट्स कॉलेजचे प्राध्यापक बोलावता येतात, अकॅडमिक कौन्सिलपुढे मुलांची मागणी ठेवता येते.

वडिलांचा अबोला मी वेगळ्या पद्धतीनं वाचते. तू त्यांच्यासमोर 'सोडते' हा शब्द ठेवलास, आणि ज्या घरानं कर्ज काढलंय त्या घरात त्या शब्दानंतर दुसरं काही ऐकू येत नाही. त्यात त्यांचा समाजशास्त्राला विरोध आहे असं तुला वाटतंय, पण तू ते त्यांना विचारलेलं नाहीयेस. यावेळी गेलीस की आधी सांग, सिव्हिल पूर्ण करणार आहे. मग हप्ता कधी सुरू होतो, नोकरी कुठे कुठे मिळू शकते, मास्टर्सला गेटमधून स्टायपेंड मिळतो, हे कागदावर लिहून दाखव. आणि त्यानंतर गावाच्या अभ्यासाचं काढ. ते भूकंपाच्या वेळी शाळेत तरी असतील किंवा नुकते शेतीला लागलेले असतील, प्लॉटची वाटणी कशी झाली, पंचायतीत कोण काय बोललं, हे त्यांनी डोळ्यानं बघितलंय. पहिली मुलाखत त्यांचीच घे.

फॉर्मला अजून वेळ आहे. मायनरच्या सिलॅबसची पानं मिळाली की मला पाठव, पेपरनुसार बघून कोणता घ्यावा ते कळवते.